जिथे शोधायचं नाही

"नाव सांगा की, काकी," मी पुन्हा म्हणाले. "नावाशिवाय हे यंत्र काही शोधत नाही."

कुबलकाकी माझ्यासमोरच्या बाकावर बसून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. साठीच्या आसपासच्या, उन्हात भाजलेल्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू आणि दोन्ही हातांत कोपराच्या दिशेने सरकवलेल्या हिरव्या बांगड्या. त्या मान खाली घालून म्हणाल्या, "कुसुमचे बापूस."

मी खरोखरच 'कुसुम' टाइप केलं. कुसुम नावाच्या पाच-सहा फायली आल्या, त्यात एक मंगळागौरीचं गाणं होतं. काकींनी नकारार्थी मान हलवली आणि माझ्या बुद्धीची कीव आल्यासारख्या माझ्याकडे बघत राहिल्या.

आतल्या खोलीतून मधुभाऊ आजगावकरांचा आवाज आला, "अहो वडगावेबाई, ती नवऱ्याचं नाव कशी घेईल?"

मी इचलकरंजीची. आमच्याकडेही माझी आजी आजोबांचं नाव घेत नव्हती, पण ती गोष्ट मी आजीबरोबरच संपली असं धरून चालले होते. मधुभाऊ बाहेर आले, माझ्या कानाशी वाकले आणि एखादी वाईट बातमी सांगावी तसं हळूच म्हणाले, "सोमा. सोमनाथ कुबल." काकींनी तोवर तोंड खिडकीकडे फिरवलं होतं.

तारांबे हे वेंगुर्ल्याच्या पुढचं किनाऱ्यावरचं लहान गाव. मधुभाऊ रेडिओतून निवृत्त झालेले. तरुणपणी त्यांनी आख्खी किनारपट्टी पालथी घालून कोळ्यांची, गाबितांची, शेतकऱ्यांची गाणी आणि बोलणी टेपवर घेतली होती. आता त्या टेपा संगणकावर चढवायचं काम चाललं होतं. पण फायली कुठल्या डिस्कवर, कुठल्या फोल्डरात गेल्या याचा त्यांनाच पत्ता लागेना, म्हणून त्यांनी मला दोन आठवड्यांसाठी बोलावलं होतं.

मी त्यांना काळ्या पडद्यावर चालणारं एक साधन बसवून देत होते. ते रोज एकदा सगळ्या डिस्का फिरून येतं आणि फायलींची नावं टिपून ठेवतं. फक्त नावं, आत काय आहे ते नाही. मग तुम्ही एखादं नाव टाकलंत की ते डिस्कवर जाऊन बघत नाही, आपल्या टिपणातून झटकन सांगतं. त्याला आधी एका फाईलमध्ये समजवावं लागतं, की या या जागी फिरू नकोस. सहसा त्या ओळीत तात्पुरत्या, टाकाऊ फायलींच्या जागा असतात. मी ती ओळ रिकामीच ठेवली होती. एवढ्या जुन्या आवाजांतलं काहीही सुटायला नको, असा माझा बाणा. तेव्हा मला माझ्या कामाचा गर्व जरा जास्तच होता.

मी 'सोम' एवढंच टाकलं. पडद्यावर रांग लागली, कारण मधुभाऊंना वाराचं नाव घालायची खोड. 'सोमवती_आरती', 'सोमवार_बाजार', 'सोमवार_भजन'. ही नावं मी मोठ्याने वाचत होते तशा काकी अंग चोरत होत्या. पुढे माझ्या लक्षात आलं, की त्या सोमवारालाही सोमवार म्हणत नाहीत. 'आयतवाराचो दुसरो दिस' म्हणतात. आयतवार म्हणजे रविवार.

रांगेच्या शेवटी होतं, 'सोमा_कुबल_हाक'.

"सापडलं," मी म्हणाले. काकींनी पटकन दोन्ही हात तोंडावर घेतले, आणि बांगड्या खळकन वाजल्या.

त्या सापडण्यावर काय अडून होतं ते मला मधुभाऊंनी आधीच सांगितलं होतं. सोमा कुबल अठरा वर्षांमागे वादळात होडी घेऊन गेला. बरोबरच्या दोघांची प्रेतं लाटांनी आणून टाकली, तो आला नाही. काकींनी कुंकू पुसलं नाही. म्हणायच्या, बॉडी खय असा? आता लेक कुसुम, कणकवलीला दिलेली, हटून बसली होती. बापाचा जीव अडकलाय, घरात काही धड होत नाही, भटजींना विचारलं, दर्भाचा पुतळा करून या सर्वपित्रीला विधी उरकून टाकू. काकी शेवटी एका अटीवर तयार झाल्या. मधुभाऊंनी एकदा रापण ओढतानाचा त्यांच्या घोवाचा, म्हणजे नवऱ्याचा, आवाज टेपवर घेतला होता. किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढताना सोमा पुढे उभा राहून हाक द्यायचा आणि बाकीचे दोर खेचायचे. तो आवाज एकदा ऐकू दे, मग मी सांगते.

"आवाजावरून काय कळणार?" असं मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"जित्याचो आवाज वायलो, मेल्याचो वायलो," काकी म्हणाल्या होत्या. वायलो म्हणजे वेगळा. हे त्यांनी मासळीचा भाव सांगावा इतक्या साधेपणाने सांगितलं होतं.

तर मी पडद्यावर दाखवलेल्या जागी गेले. तिथे ती फाईल नव्हती. तो फोल्डरच नव्हता.

मला त्यात नवल वाटलं नाही. या साधनाची ती रीतच आहे. सकाळी टिपलेलं नाव दुपारी कुणी पुसलं, तरी पुढच्या फेरीपर्यंत ते टिपणात राहतं. माणूस घर सोडून गेला तरी दारावरची पाटी राहते, तसंच. मी काकींना म्हटलं, उद्या या, उद्याच्या फेरीत नवी जागा कळेल.

"येतंय," त्या म्हणाल्या आणि निघाल्या. दारात थांबून त्यांनी विचारलं, "नाव असा पण ते नाय, असा म्हणतंस मां?"

"हो."

"मग माझ्यासारख्यांच झाला," त्या म्हणाल्या आणि उन्हात चालू लागल्या.

तारांब्यात तेव्हा रोज सकाळी वीज जायची ती भर दुपारी यायची. वीज आली की संगणक आपोआप सुरू व्हायचे आणि राहिलेली कामं हाती घ्यायचे. माझ्या साधनाची फेरीही तेव्हाच व्हायची. दुसऱ्या दिवशी वीज आली, फेरी झाली, काकी बाकावर येऊन बसलेल्याच होत्या. मी नाव टाकलं. 'सोमा_कुबल_हाक' होतं, पण जागा निराळी. मी लगेच त्या जागी गेले. तिथे काही नाही.

आता मात्र मी वैतागले. मधुभाऊ आतून फायली हलवत असणार, अशी माझी खात्री झाली. मी आत जाऊन जरा तोडूनच विचारलं. ते चहा गाळत होते. म्हणाले, नाही बाई, मी कशाला हात लावतोय. मग गाळणं तसंच हातात धरून, काकींना ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाले, "सोमाची टेप मी केव्हाच वाढवली हो. माझ्याच हातून."

मला हायसं वाटलं. आवाजाच्या कामात वाढवणं म्हणजे आवाज मोठा करणं, हे काय मला ठाऊक नव्हतं? मी बाहेर आले आणि काकींना आनंदाने सांगितलं, "काळजी करू नका, मधुभाऊंनी टेप वाढवलीय. आता स्पष्ट ऐकू येईल."

काकींचा उजवा हात आपोआप डाव्या हातातल्या बांगड्यांवर गेला आणि त्यांनी त्या घट्ट धरल्या.

"कधी वाढली?" त्यांनी विचारलं.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. नारळ वाढवतात, बांगडी वाढवतात. जे फुटलं, तुटलं असं म्हणवत नाही, त्याला वाढलं म्हणतात. हरवलेल्या माणसाचा आवाज तुटला असं मधुभाऊंच्या तोंडून निघेना, म्हणून त्यांनी तो शब्द घेतला, आणि मी शहाणीने तो नेऊन नेमका काकींच्या पुढ्यात ठेवला.

मधुभाऊ बाहेर आले. त्यांना सांगणं भागच होतं. टेपेला बुरशी लागली होती, डेकवर चढवल्याबरोबर चिंध्या झाल्या. काकींना सांगायचा धीर झाला नाही. कचऱ्यात टाकायचा तर अजिबात नाही.

"मग खय टाकलात?" काकींनी विचारलं.

"जेटीवरून सोडली," मधुभाऊ म्हणाले. "समुद्रात."

काकी रडतील असं मला वाटलं, पण त्या पडद्याकडे बघत होत्या. तिथे सोमा कुबलचं नाव अजून तसंच होतं.

"टेप नाय, मग ह्यां नाव खयसून येता?" त्यांनी मला विचारलं. "दोनदा इला," त्या म्हणाल्या. "उद्या बघूया."

आणि मग जाता जाता त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, बजावल्यासारखी. त्यांच्याकडे बाहेरून कुणी हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ देत नाहीत, दुसऱ्या हाकेलाही नाही. माणूस असला तर तिसरी हाक मारतो. जे माणूस नाही ते दोनदाच हाक मारतं आणि वाट बघतं. मी "बरं, बरं" म्हणाले. मनात म्हटलं, या गावात पोस्टमनची काय दैना होत असेल.

त्या रात्री मला झोप लागली नाही असं मी म्हणणार नाही, छान लागली. पण सकाळी उठले ती उत्तर घेऊनच. वीज यायच्या आत मी त्यांची डिस्क बॅटरीवरच्या माझ्या लॅपटॉपला जोडून सगळं तपासलं आणि एकटीच हसले. टेपेवरून आवाज घेणाऱ्या प्रोग्रॅमकडे सोमाच्या टेपेचं काम अर्धवट पडून होतं. रोज वीज आली की तो ते काम पुन्हा सुरू करायचा. एका तात्पुरत्या फोल्डरात, दर वेळी निराळ्या, त्या नावाची रिकामी फाईल बनवायचा. डेककडून आवाजाची वाट बघायचा. डेकमध्ये टेप नाही, आवाज येत नाही, म्हणून फाईल आणि फोल्डर पुसून मोकळा व्हायचा. नेमक्या त्या मधल्या क्षणी माझं साधन तिथून जायचं आणि नाव टिपायचं. ज्या जागी त्याने जाऊ नये, तिथे ते माझ्या बाण्यामुळे जात होतं.

मी मधुभाऊंना सगळं समजावलं. त्यांनी डेकचं झाकण उघडून दाखवलं, आत धूळही नव्हती. मी म्हटलं, आज काकींसमोर एकदा दाखवते, की हे नुसतं रिकामं नाव आहे, आणि मग ती ओळ भरून विषय संपवते. दुसऱ्या दिवशी सर्वपित्री होती. काकींना खोट्या आशेवर ठेवणं माझ्या जिवावर आलं होतं.

काकी आल्या त्या नवं लुगडं नेसून. मी त्यांना माझ्याशेजारी खुर्चीवर बसवलं आणि सांगितलं, की नाव दिसेल पण त्यात काही नसेल, मन घट्ट करा. त्या "होय" म्हणाल्या. बाहेर कावळासुद्धा ओरडत नव्हता. भर दुपार, वारा पडलेला, आणि खिडकीतून दिसणारा समुद्र ताटलीतल्या पाण्यासारखा निश्चल.

वीज आली. पंखा फिरू लागला. फेरी झाली. मी नाव टाकलं. 'सोमा_कुबल_हाक'. मी त्या जागी गेले, आता इथे काही नाही असं म्हणायला तोंड उघडलं, आणि उघडंच राहिलं.

फाईल होती. रिकामी नव्हती.

मी मधुभाऊंना हाक मारली. ते दारात येऊन उभे राहिले. मी डेककडे पाहिलं, झाकण सकाळी उघडलं होतं तसंच उघडं होतं, आत काही नव्हतं. कुठल्या तरी तारेतून खरखर शिरली असेल, असं मी स्वतःशी म्हटलं, आणि तेवढ्यापुरतं ते मला पटलं. मी फाईल लावली.

आधी नुसती सळसळ. मग त्या सळसळीत पाणी आहे हे कळलं, खूप पाणी, आणि ते जवळ नव्हतं. रापणीचा कल्ला नाही, दोर ओढणारी माणसं नाहीत. मग लांबून, पाण्यावरून यावा तसा पुरुषाचा आवाज आला, ओला आणि अगदी शांत.

"भागीरथी."

पुन्हा सळसळ. मग तोच आवाज, तितकाच शांत.

"भागीरथी."

आणि फाईल संपली.

माझं डोकं अजून चालत होतं. मला वाटलं, होडीचं नाव असणार. किनाऱ्यावरून होडीला हाक देतोय. जुनं काहीतरी कुठेतरी उरलं होतं, तेच वर आलं. नीट ऐकावं म्हणून मी परत लावायला हात पुढे केला.

काकींनी माझं मनगट धरलं. त्यांचा हात गार होता आणि त्या पकडीत एवढा जोर असेल असं मला कधी वाटलं नसतं.

"नको, बाय," त्या म्हणाल्या. "दोन झाले. आता लावलंस तर तिसरी हाक जातली. मगे माका ओ देवची लागात."

"तुम्हाला?" मी विचारलं. "ही तर होडीला..."

"भागीरथी माझां नाव."

मी मधुभाऊंकडे पाहिलं. त्यांनी सावकाश मान डोलावली. गावात त्यांना कुणी त्या नावाने ओळखतच नव्हतं. सगळ्यांच्या तोंडी कुबलकाकी, नाहीतर कुसुमची आवस, म्हणजे आई. मला ते नाव त्या क्षणापर्यंत कुणीही सांगितलेलं नव्हतं. मी ते पहिल्यांदा ऐकलं ते त्या फाईलमधून.

"त्यांचाच आवाज आहे का, काकी?" मी विचारलं.

"आवाज तेंचोच," काकी म्हणाल्या. त्या रडत होत्या, पण त्यांचं बोलणं कापत नव्हतं. "पण तेंनी माका उभ्या जन्मात नावान हाक मारूक नाय. मी तेंचा नाव घेय नसलंय, ते माझां घेय नसत. 'गे' म्हणत. नुसतां 'गे'. रापणीवरसून येताना, जेवताना, भांडताना, 'गे'." त्यांनी डोळे पुसले. "जितो घोव 'गे' म्हणता, बाय. नाव घेणा नाय."

आम्ही तिघेही त्या पडद्याकडे बघत होतो. मला उठून पळून जावंसं वाटत होतं आणि त्याहीपेक्षा, लाज वाटते पण खरं सांगते, एकदा परत लावून बघावंसं वाटत होतं. काकींनी माझं मनगट सोडलं नव्हतं, हे बरं झालं.

"खयच्या जाग्यात होतो तो?" त्यांनी विचारलं.

मी त्यांना जमेल तसं सांगितलं. ही एक तात्पुरती जागा असते. जे धड झालेलं नाही आणि धड पुसलंही गेलेलं नाही, ते तिथे असतं. तिथे सहसा शोधू नये. या यंत्राला तसं सांगून ठेवायची एक ओळ असते, ती मी रिकामी ठेवली होती.

"मग सांग तेका," काकी म्हणाल्या. "थय बघू नको म्हणान सांग."

मी ती फाईल उघडली आणि त्या रिकाम्या ओळीत त्या जागेचा पत्ता लिहिला. एवढी साधी ओळ, आजवर शेकडो वेळा लिहिली असेल, पण एक अक्षर चुकलं, ते खोडून पुन्हा लिहिलं. काकी प्रत्येक अक्षराकडे बघत होत्या. त्यांना वाचता येत नव्हतं. मग मधुभाऊंनी ते अर्धवट काम कायमचं काढून टाकलं आणि मी पुन्हा फेरी सुरू केली. 'सोम' टाकलं. 'सोमवती_आरती', 'सोमवार_बाजार', 'सोमवार_भजन'. बाकी काही नाही.

काकी उठल्या. खिडकीशी जाऊन त्यांनी समुद्राकडे पाठ केली, मग दोन्ही मनगटं मागच्या कठड्यावर आपटली. बांगड्या वाढल्याचा आवाज मी यापूर्वी ऐकला नव्हता. काचा गोळा करायला मी वाकले तर त्यांनी मला करू दिलं नाही, स्वतःच पदरात गोळा केल्या.

त्या गेल्यावर मी मधुभाऊंना विचारलं, तुम्ही काय ऐकलंत? ते बराच वेळ डेकचं झाकण लावत राहिले, लागलेलं झाकण पुन्हा पुन्हा दाबत राहिले.

"नुसती सळसळ," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "पण मी तेव्हा त्या सळसळीला 'ओ' देणार होतो. का ते विचारू नका."



दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर विधी झाला. मी लांब वाळूत उभी होते. भटजींनी गेलेल्याचं नाव आणि गोत्र विचारलं, कुसुम सांगायला पुढे झाली, तिला काकींनी हाताने मागे सारलं. त्या काय म्हणाल्या ते लाटांच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. पण कुसुम आईकडे ज्या नजरेने बघत राहिली त्यावरून मी समजले.

त्या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मी पुण्यात असते, आणि ते साधन अजूनही लोकांना बसवून देते. कुठेही गेले तरी सगळ्यात आधी ती ओळ भरते आणि मगच बाकीच्याकडे वळते. बरोबरची मुलं हसतात, आधी फेरी तर होऊ दे म्हणतात. मी म्हणते, हसा.

तारांब्याहून निघाले तो दिवस रविवार होता. काकी एसटीच्या थांब्यावर आल्या होत्या. सुक्या मासळीचं पुडकं आणि कोकमं माझ्या पिशवीत कोंबत होत्या. मनगटं मोकळी होती, आणि उन्हाने रापलेल्या हातावर जिथे बांगड्या असायच्या तेवढाच पट्टा गोरा राहिला होता. गाडी सुरू झाली तेव्हा त्या खिडकीशी आल्या.

"घराक कधी पोचतलंस?" त्यांनी विचारलं.

मी जिभेवर आलेला शब्द गिळला आणि इतक्या दिवसांच्या सवयीने म्हणाले, "आयतवाराच्या दुसऱ्या दिवशी."

काकींनी माझ्याकडे बघितलं. मग दारातल्या मुलाला सांगावं तितक्या सहज म्हणाल्या, "सोमवारी म्हण गो. सोमवारी पोचलंस की फोन कर."

गाडी वळेपर्यंत मी त्यांच्याकडे बघत होते. त्या समुद्राकडे न बघता, सरळ घराच्या वाटेला लागल्या होत्या.